मी बघतो

पहिल्या दिवशी फाउंड्रीच्या वाळूखोलीत उत्कर्षा मगदूमनं मोजलेल्या वस्तू अशा होत्या: लोखंडी टेबल एक, स्टुलं दोन, वाळूचा मिक्सर एक, ओलावा मोजायचं यंत्र एक, पितळी वाट्या तेवीस, चहाचे पेले चार, आणि हातमोजा एक. यादीत हातमोजे दोन होते. खोक्यावर 'नग २' असं ठळक छापलेलंही होतं. तिनं खोकं उलटं करून झटकलं, तेव्हा त्यातून माहितीपत्रकाचा एक कागद पडला.

"एकच आलाय काय?" वाळूची पारख करणारे दस्तगीर चाचा म्हणाले. "मग वाटून घालू की. वाळू कुठं पळून जातीया?"

तिनं वहीत लिहिलं, 'हातमोजा १ (कमी १).' चाचांनी वाकून वहीत बघितलं आणि तिथंच तिचं नाव ठेवलं, मास्तर.

उत्कर्षा बारावी सायन्सला होती. राज्यात त्या वर्षी 'कामओळख' सुरू झाली होती. बारावीच्या प्रत्येक मुलानं ऐंशी तास एका खऱ्या कामाच्या जागी काढायचे, रोज चार तासांप्रमाणे वीस दिवस. कुणी दवाखान्यात गेलं, कुणी सूतगिरणीत. उत्कर्षानं अर्जात पहिल्या पसंतीला फाउंड्री लिहिली, तेव्हा वर्गात हशा पिकला होता. पण तिला पुढं धातुशास्त्रच शिकायचं होतं. सरकारी कॉलेजात कामओळखीतून भरायच्या सहा जागा होत्या आणि त्यासाठी स्वतःच्या हाताच्या किमान तीनशे नोंदी लागत होत्या. म्हणून ती रोज कागलहून बसनं कोल्हापूरच्या अलीकडं उतरायची आणि आवट्यांच्या फाउंड्रीत यायची.

फाउंड्रीत ट्रॅक्टरचे ब्रेक ड्रम ओतत. ओतायचा साचा वाळूचा. नुसती वाळू उभी राहत नाही, म्हणून तिच्यात बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी घालतात. सगळा खेळ त्या पाण्याचा. शंभर ग्रॅम वाळूत साधारण साडेतीन ग्रॅम पाणी हवं. तीनच्या खाली गेलं की साचा कडांना ढासळतो. चारच्या वर गेलं की चौदाशे अंशांचं लोखंड आत शिरताच पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि ड्रमच्या पोटात फुगे राहतात. ते वरून दिसत नाहीत. ब्रेक दाबला की दिसतात.

ओलाव्याचं यंत्र पन्नास ग्रॅम वाळू तापवून वाळवतं आणि घटलेलं वजन दाखवतं. त्याला दहा मिनिटं लागतात. पण मिक्सर दर दहा मिनिटांनी नवा घाणा बाहेर टाकतो, म्हणजे यंत्राचा आकडा येईपर्यंत ती वाळू साच्यात ठोकून बसलेली असते. म्हणून एकतीस वर्षं दस्तगीर मुल्लाणी प्रत्येक घाण्यातली मूठभर वाळू उचलत, दाबत, आणि 'जाऊ दे' किंवा 'थांबव' म्हणत. मिक्सरवाल्याला तेवढंच पुरे होतं.

हातमोजा आला होता तो ही मूठ शिकण्यासाठी. तो कांद्याच्या सालीसारखा पातळ होता. त्याच्या विणीत दोनशेच्या वर दाबमापक होते आणि मनगटाशी एक पट्टी. स्नायू आवळतात तेव्हा त्यांच्यात वीज खेळते, अगदी थोडी, व्होल्टचा हजारावा भाग. पट्टी ती टिपायची. ही झाली नोंद. पण खरी नवलाई होती ती उलट्या दिशेनं. नोंदवलेली मूठ परत 'वाजवता' यायची. हातमोजा शिकणाऱ्याच्या नसांना हलके झटके द्यायचा, आणि त्याची बोटं उस्तादाच्या बोटांसारखी मिटायची. गाणं ऐकून शिकावं तशी मूठ अनुभवून शिकायची. चाचांच्या पुरेशा मुठी जमल्या की त्यांच्यावरून एक यांत्रिक हातही तयार होणार होता. तो पुढच्या महिन्यात मिक्सरच्या तोंडाशी बसायचा होता.

हातमोजा एकच असल्यामुळं आळीपाळी होती. आधी चाचा घालायचे, मग ती. घालणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, आता कोण बघणार ते, म्हणजे हातमोजा नोंद त्याच्या नावावर टाकायचा. चाचा ओरडायचे, "मी बघतो!" मूठ झाली की हातमोजा काढून तिच्याकडं टाकायचे. ती घालून ओरडायची, "मी बघतो!" मग दोघं आपापला अंदाज सांगत आणि दहा मिनिटांनी यंत्र निकाल देई.

पहिल्या आठवड्यात ती दर वेळी चुकली. चाचांच्या मुठी वाजवून बघायची, तर सगळ्या सारख्याच लागायच्या.

"चाचा, ओल्या वाळूची मूठ आणि कोरड्या वाळूची मूठ, मला फरकच कळंना."

"हात बसला की कळंल."

"कधी बसंल?"

"एकतीस वर्षांत माझा बसला. तुझ्याकडं वीस दिवस हायत. जरा घाई कर."

मग तिनं वाजवलेल्या मुठींचा नाद सोडला आणि नुसत्या वाळूशी झटायला लागली. दाबायची, मोडायची, कडा बघायची, वहीत लिहायची. चाचा तिचा चहा झाकून ठेवत. ती विसरली की तो स्वतः पिऊन टाकत आणि म्हणत, "मास्तर, तुझ्या चहाचं बाष्पीभवन झालं बघ." दुसऱ्या आठवड्याअखेर तिचा अंदाज दहापैकी सात वेळा जुळायला लागला. त्या दिवशी चाचांनी मिक्सरवाल्याला बोलावून सांगितलं, "आजपास्नं दोघांचं ऐकायचं. तिनं थांबव म्हटलं तर थांबवायचं." उत्कर्षा घरी जाईपर्यंत बसमध्ये एकटीच हसत होती.

अठराव्या दिवशी तिनं टॅब्लेटवर नोंदींचं पान उघडलं. मार्गदर्शक: आठशे अडतीस. शिकाऊ: शून्य.

पुण्याहून हा सगळा कार्यक्रम बघणाऱ्या मृण्मयी देवस्थळींना तिनं तिथूनच फोन लावला.

"उत्कर्षा, तुझ्या नावावर खरंच एकही नोंद नाहीये," मॅडम म्हणाल्या. "तू हातमोजा घातलाच नाहीस का?"

"घातलो की मॅडम. रोज घालतो."

"कोण बोलतंय?"

"मीच. उत्कर्षा."

"नाही, पण... 'घालतो' म्हणालीस तू आत्ता."

"व्हय."

"'घालते' ना?"

"पेपरात 'घालते' लिहितो मॅडम. बोलताना 'घालतो'च. आमच्याकडं सगळ्याच बोलतात. आई पण म्हणते, मी बाजारला जाऊन आलो."

"अरे देवा," मॅडम म्हणाल्या आणि एवढ्या हसल्या की त्यांना खोकला आला. "माझीच चूक आहे गं. भट्टीच्या आवाजात बोलणारा ओळखता येत नव्हता, म्हणून मी सोपा नियम घातला. मार्गदर्शक पुरुष, शिकाऊ मुलगी. 'बघतो' आलं की नोंद त्यांची, 'बघते' आलं की तुझी. कोल्हापूर माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग आता?"

"पंजाची रुंदी प्रत्येक नोंदीत असते. त्यावरून वेगळं करता येईल. तुला जमेल? शुक्रवारी याद्या बंद होतात. तोवर पाठव, मी तुझं खातं दुरुस्त करते."

"मी बघतो," उत्कर्षा म्हणाली, आणि दोघी पुन्हा हसल्या.

रविवारी दुपारी तिनं घरच्या ओट्यावर बसून नोंदी निवडल्या. चाचांचा पंजा नऊ सेंटिमीटरच्या वर, तिचा साडेसातच्या खाली, त्यामुळं घोटाळ्याला जागाच नव्हती. चारशे बत्तीस चाचांच्या, चारशे सहा तिच्या. तीनशेच्या कितीतरी वर. तिनं हौसेनं दोघांच्या मुठींचे आलेख एकाखाली एक काढले.

तिच्या मुठी वेड्यावाकड्या होत्या. ओल्या वाळूत बोटं मध्येच सैल पडत, कोरड्या वाळूत टोकांना कंप येई. हात वाळूला विचारत होता आणि उत्तर ऐकून बदलत होता. चाचांच्या चारशे बत्तीस मुठी मात्र एकावर एक ठेवल्या तर एकच रेघ दिसत होती. वाळू तीन टक्क्यांची असो की साडेचारची, तोच जोर, तेवढाच वेळ. ज्या हाताला काही लागत नाही, तोच असा दाबतो.

आणि तरी यंत्राशी त्यांचा अंदाज जुळत होता, जवळजवळ दर वेळी.

सोमवारी ती केसांची पिन फाकवून घेऊन गेली. पिनेची दोन टोकं तिनं एका सेंटिमीटरवर ठेवली.

"चाचा, डोळे मिटा. एक टोक लागतंय का दोन, ते सांगायचं."

"कसली परीक्षा ही?"

"गंमत हाय. मिटा की."

तिनं दोन्ही टोकं त्यांच्या तर्जनीवर टेकवली.

"एक," चाचा म्हणाले.

मधलं बोट. दोन्ही टोकं. "एक."

अंगठा. "एकच हाय की." मग डोळे न उघडताच त्यांनी हळूच विचारलं, "दोन हुती?"

"दोन हुती चाचा."

चाचांनी डोळे उघडले. बोटं गुडघ्यावर पसरून ती परक्याची असावीत तशी बघत राहिले. "तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "साखर हाय मला. आधी पायाला मुंग्या यायच्या, मग बोटं गेली. हायत जागेवर, पण पाहुण्यासारखी. कुणाला बोललो न्हाई. विम्याच्या कागदात लिवलंय, हाताला संवेदना नसंल त्यानं फाउंड्रीत पाय ठेवायचा न्हाई."

"मग तुम्ही वाळू कशी ओळखता?"

चाचा लाजले. साठीला आलेला माणूस लाजताना तिनं पहिल्यांदाच बघितला. त्यांनी वाटीतली चिमूटभर वाळू उचलली आणि मिशी पुसल्यासारखं करत खालच्या ओठाला लावली. "असं. गारवा कळतो."

त्यांच्या पांढऱ्या मिशीची खालची कड नेहमी काळी असायची. चाचा अर्धीच मिशी रंगवतात, असं अख्खी फाउंड्री म्हणायची. उत्कर्षानं पिनेची टोकं चार मिलिमीटरवर आणली, पुसली आणि त्यांच्या ओठाला टेकवली.

"दोन," चाचा लगेच म्हणाले.

आदल्या दिवशी आलेख बघून तिनं बधिर हातांबद्दल वाचलं होतं, ते तिनं त्यांना सांगितलं. साखरेनं आधी लांब नसा मरतात. मणक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत गेलेल्या सगळ्यात आधी, मग हाताच्या. ओठाची नस आखूड, मेंदूपासून वीतभर अंतरावर, म्हणून ती शाबूत राहते. आणि पाणी उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं. जितकं पाणी जास्त, तितका गारवा जास्त. चाचांनी तीन वर्षांपूर्वी कुणालाही न विचारता आपलं यंत्र हातातून तोंडाकडं हलवलं होतं.

"म्हणजे डोकं चाललं म्हणायचं माझं," चाचा म्हणाले.

"लई चाललं. पण डॉक्टरला दाखवा चाचा."

"दाखवतो. तू हे कुठं बोलू नको म्हणजे झालं."

पण ते न बोलताही कळणार होतं. नोंदी वेगळ्या करून पाठवल्या की पुण्यात कुणीही तोच आलेख काढणार आणि तीच सरळ रेघ बघणार. मग मालकांना कळणार. नाही पाठवल्या, तर तिच्या नावावर शून्य.

बसमध्ये तिनं मॅडमना निरोप लिहिला: 'नोंदी वेगळ्या करायला जमलं नाही. माझं खातं आहे तसंच राहू दे.' तीनदा वाचला आणि पाठवला. घरी आईनं विचारलं, काय झालं, तर म्हणाली, काही नाही, वाळू डोळ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी, विसाव्या आणि शेवटच्या, ती वाळूखोलीत शिरली तेव्हा चाचा स्टुलावर हाताची घडी घालून बसले होते. मिक्सर बंद होता. तो दिवसाढवळ्या बंद बघायची तिची ही पहिलीच वेळ.

"त्या पुण्याच्या बाईचा फोन आलता," चाचा म्हणाले. "म्हणाल्या, तिच्या नोंदी तुमच्या नावावर पडल्यात, वेगळ्या करायला जमलं न्हाई म्हणतीया, पोरीला काय अडचण हाय का बघा, हुशार हाय, जागा हातची जाईल. कसली जागा गं?"

"काही नाही."

"मास्तर."

"कॉलेजची. पुढच्या वर्षी बघतो की. परत अर्ज करता येतो."

"येतो?"

ती वाट्या पुसायला लागली. अर्ज एकदाच करता येत होता.

"माझ्या मुठीत तुझी मूठ लपवतीस," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "कुणी सांगितलं तुला? मी मागितलं व्हतं काय?"

"विमा म्हणालात तुम्ही! घालवतील तुम्हाला!"

"घालवू देत की! आणि तो लोखंडी हात? तो आमच्या दोघांची खिचडी खाऊन उद्या मिक्सरवर बसणार. निम्मी मूठ आंधळी, निम्मी डोळस. त्याला काय कळणार हाय? फुगं राहिलेला ड्रम कुणाच्या ट्रॅक्टरला लागंल, म्हाईत हाय तुला?"

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आलेख, टक्के, मिलिमीटर सगळं तिनं बघितलं होतं, आणि हे राहिलं होतं.

चाचांनी तिचा चहा तिच्याकडं सरकवला. तो गरम होता. "एकतीस वर्षं लोकं वाटी घिऊन माझ्याकडं येत्यात," ते आता शांतपणानं म्हणाले. "चाचा, बघा की जरा. तेवढं ऐकायची सवय लागलीया. दुसरं काय न्हाई. पण ते ऐकायला तुझं काय तरी माझ्या नावावर ठेवू, तर वाटी हातात धरवणार न्हाई मला. पाठव तू."

"एका अटीवर," उत्कर्षा म्हणाली. "मालकांना ओठाचंही सांगायचं. नुसतं हाताचं नाही."

"हसतील."

"हसू देत की."

त्याच दुपारी तिनं नोंदी पाठवल्या. सोबत पिनेची मोजमापं, बोटांची आणि ओठाची, आणि खाली एक ओळ: 'मार्गदर्शकांचं कौशल्य खरं आहे. हातमोजा चुकीच्या जागी घातला होता.'

गुरुवारी सकाळी मृण्मयी मॅडम स्वतः आल्या. मालक अभिनंदन आवटे कागद हातात घेऊन वाळूखोलीच्या दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. ते लहान असताना चाचांनीच त्यांना याच मिक्सरच्या कट्ट्यावर बसवून शेंगा खायला घातल्या होत्या.

"चाचा, मला आधी सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं मालक?"

आवट्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली. "भट्टीकडं आजपास्नं तुम्ही फिरकायचं नाही, ते नक्की," ते म्हणाले. "वाळूखोलीला मी विम्यातून वेगळं काढून घेतो. पण मला त्यांना कागदावर काहीतरी दाखवायला पाहिजे. वीस वाट्या. त्यातल्या अठरा यंत्राशी जुळल्या, तर वाळूखोली तुमची. नाही जुळल्या तर मी काही करू शकत नाही."

"किती फरक चालंल?"

"एक दशांश टक्का," उत्कर्षाच मध्ये म्हणाली.

"अगं, तू कुणाच्या बाजूची?" चाचांनी विचारलं.

"मोजमापाच्या."

"ऐका," चाचा मॅडमना म्हणाले. "म्हणून मी हिला मास्तर म्हणतो."

मॅडमनी तोवर तिच्या चारशे सहा नोंदी तिच्या नावावर चढवल्या होत्या, म्हणून त्या परीक्षेत उत्कर्षाचं काही पणाला लागलेलं नव्हतं. तरी वाट्या भरताना ती प्रत्येकीचा काठ दोनदा पुसत होती. मॅडम पाणी मोजून घालत, ती कालवत असे, आणि किती घातलं ते मॅडमच्या वहीशिवाय कुठं नव्हतं. चाचा एकेक वाटी घेत, चिमूट ओठाला लावत आणि आकडा सांगत. मग यंत्र दहा मिनिटं घेई.

"चाचा, वाळू खाताय काय?" आवट्यांना शेवटी हसू आवरलं नाही.

"मालक, चाखल्याबिगर आमटी कळती का?"

चौथी वाटी चुकली. तीन दशांशांनी. चाचा म्हणाले, त्या वेळी तोंडात चहाची गोडी होती, आणि पुढचे सगळे पेले परत पाठवले. उत्कर्षानं प्रत्येक वाटीच्या आधी त्यांना पाण्यानं ओठ धुवून कोरडा करायला लावलं. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्या जुळल्या. अकरावी पुन्हा चुकली. "ही वाटी खिडकीपाशी उन्हात हुती," चाचा म्हणाले, "वरचं सुकलंय, खालचं ओलं." ते खरंही होतं, कारण ती तिथं उत्कर्षानंच ठेवली होती. ती काही बोलणार तेवढ्यात चाचांनी हात वर केला. "चुकलं ते चुकलं. लिव."

दोन चुका झाल्या होत्या आणि आणखी एकही चालणार नव्हती. बारा, तेरा, चौदा. जेवणाची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. साचे ठोकणारे मोल्डर एकेक करून दाराशी येऊन उभे राहिले. एकोणिसावी जुळली, तेव्हा मिक्सरवाल्यानं शीळ घातली आणि आवट्यांनी त्याच्याकडं बघितलं.

विसावी वाटी. चाचांनी चिमूट घेतली, ओठाला लावली आणि काढली. पुन्हा लावली. मघापासून त्यांनी एकदाही दुसऱ्यांदा लावली नव्हती.

"साडेतीनला कमी," ते म्हणाले. "तीन पूर्णांक चार."

"नक्की?" आवट्यांनी विचारलं.

"मी बघितलो की मालक."

उत्कर्षानं पन्नास ग्रॅम वाळू तोलून यंत्रात ठेवली आणि झाकण लावलं. चाचा तिच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले. दहा मिनिटं गेली. मग यंत्र वाजलं, तिनं आकडे दोनदा वाचले आणि मोठ्यानं सांगितले.

सुरुवातीचं वजन ५०.०० ग्रॅम. वाळल्यावर ४८.३० ग्रॅम. ओलावा ३.४ टक्के.